उघाडीची जीभ

पायाच्या भेगा चरचरल्या तेव्हा विलासिनी गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात चिखलाचा गोळा आणि गोळ्यावर महिनाभर वाढलेली भाताची रोपं. तिनं पाय उचलला, परत टेकवला. परत चरचरलं. खाजणात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, राबणाऱ्या बाईला ही चरचर काही नवी नाही. उन्हाळ्यात खाजणात समुद्रच असतो, कोळंबी असते, तेव्हा भेगांना रोज मीठ लागतं. पण हा कर्किडकम होता, ऐन पावसाळ्याचा महिना. या महिन्यात नदी फुगते, समुद्राला मुखाच्या पलीकडं ढकलून ठेवते आणि खाजणातलं पाणी गुरांनी प्यावं इतकं गोडं असतं. तिनं वरवरचं पाणी ओंजळीत भरून तोंडात घातलं. गोडं लागलं. निदान खारं तरी नव्हतं.

"काय झालं गं चेची?" पलीकडच्या रांगेतून मल्लिकानं विचारलं. मल्लिका तिच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून तिला चेची, थोरली ताई म्हणायची, पण डोळे घारीचे.

"काही नाही. काटा टोचला."

"मलापण टोचतोय सकाळपासनं," मल्लिका म्हणाली, "दोन्ही पायांना."

एरवी अशा बोलण्यावर बायका खिदळल्या असत्या. आज कुणी हसलं नाही. बारा-पंधरा बायका रांगेनं चिखलाचे ढीग कुदळीनं फोडत होत्या, रोपांसकट एकेक गोळा उचलून पाण्यात पसरत होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी हे ढीग घालायचे, पावसानं त्यांतलं मीठ धुऊन काढायचं, मग वर मोड आलेलं बियाणं टाकायचं आणि रोपं वीतभर झाली की ढीग फोडायचे. पुत्तनतुरुत बेटावर भात असंच होतं. वरून पाऊस आणि मागून नदी, दोघांनी मिळून समुद्र लांब ठेवला तर भात, नाहीतर नुसता चिखल.

आणि यंदा पावसानं मध्येच दडी मारली होती. आभाळ कोरडं, वारा पडलेला. मल्लिकाचा नवरा मुनंबम बंदरातल्या बोटीवर जायचा. तो सांगत होता, की या दिवसांत टाकलेलं जाळं दक्षिणेला ओढत जातं, कारण समुद्रच तिकडं वाहतो. यंदा टाकावं तिथंच लोंबकळतं. "वारा पडला की दर्यालासुद्धा कुठं जायचं ते कळत नाही," असं तो चहाच्या टपरीवर म्हणाला होता. तेव्हा लोकांनी माना डोलावल्या आणि विषय बदलला.

दुपारी पाण्यातून वर येताना विलासिनीनं बांधाकडं बघितलं. बांधाच्या मध्यावर उघाडी होती. दगडी तोंड, दोन्ही बाजूंना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या. फळ्या काढल्या की नदीचं पाणी खाजणात, घातल्या की बंद. या उघाडीचा राखणदार म्हणजे तिचा नवरा पुष्पन. त्याच्या आधी त्याचा बाप. भरती लागली की राखणदारानं उघाडीबाहेरच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचा, खालचं पाणी ओंजळीत घ्यायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं आणि मोठ्यानं सांगायचं, गोडं की खारं. गोडं असलं तर फळ्या निघायच्या, खारं असलं तर नाही. दुसऱ्या कुणाची जीभ तिथं चालत नसे. बांधावरची झोपडीसुद्धा त्या जिभेबरोबरच मिळालेली. जीभ दुसऱ्याची झाली की झोपडीही दुसऱ्याची.

पुष्पन फळ्यांवर पाय सोडून विडी ओढत बसला होता. तिनं हाक मारली, तर त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

*

चार दिवसांनी पात्यांची टोकं लाल झाली.

आधी खाजणाच्या खोलगट भागात, मल्लिकाच्या आणि तिच्या दिराच्या तुकड्यात. मग मधल्या सगळ्या पट्ट्यात. पुष्पनचा तुकडा बांधाला लागून उंचवट्यावर, तो मात्र हिरवागार. आता पाणी खोलात साठतं हे सगळ्यांना कळतं, पण जळालेलं आपलं शेत आणि हिरवं दुसऱ्याचं, असं समोरासमोर दिसलं की कळलेलं कुठल्या कुठं जातं.

विलासिनी कामावर गेली, तर बायकांनी पानाचा डबा तिच्यापर्यंत येऊच दिला नाही. डबा या हातातून त्या हातात गेला आणि तिच्या अलीकडं बंद झाला. तिनं हात पुढं केला होता. तोच हात तिनं मग उगाच केसांवरून फिरवला.

"उघाडीवाल्यांना काय, बारा महिने चांगलेच," कुणीतरी म्हणालं. नाव न घेता.

"भात मेलं की खाजण लवकर रिकामं होतं म्हणे," मल्लिका म्हणाली. "रिकामं झालं की कोळंबीवाल्याची चंगळ. औसेपनं तर आत्तापासनंच जाळी विणायला टाकलीत. एवढी कसली घाई, देव जाणे."

औसेप समुद्राकडच्या वस्तीवरचा. कोळंबीसाठी खाजण दरवर्षी तोच घ्यायचा, भात निघाल्यावर. भात जितकं लवकर निघेल तितकी त्याची कोळंबी लवकर, आणि मेलं तर मग बोलायलाच नको.

"काय म्हणायचंय ते सरळ म्हण की गं," विलासिनी म्हणाली.

"मी कुठं काय म्हणते, चेची? मी आपली बघते. भरतीच्या वेळी औसेपची होडी उघाडीच्या तोंडाशी लागते. दोघं बसतात. गप्पा मारतात. मग फळ्या निघतात. डोळे दिलेत देवानं, बघायला नको का?"

विलासिनीनं कुदळ इतक्या जोरात मारली, की ढीग रोपांसकट फुटून वाहून गेला. बायकांनी तेही बघितलं. ते वाहून गेलेलं रोप मल्लिकाचं होतं.

घरी आली, तर दारात केळीच्या पानात गुंडाळलेले दोन मोठे करिमीन मासे. सासू कुरुंबा खुशीत होती. तिला दात नव्हते, पण मासा म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं.

"औसेपनं पाठवलेत बघ. किती लठ्ठ! आपल्या पुष्पनवर जीव आहे त्याचा."

"परत पाठवा."

"वेडी का खुळी तू? मासा कुणी परत पाठवतं?"

परत पाठवायचे तरी कुणाच्या हातून? बांधावरून दोन मासे घेऊन चाललेली उघाडीवाल्याची बायको सगळ्या गावानं बघितली असती. तिनं ते पानासकट कोनाड्यात ढकलले. आपल्याच घरात आपण चोरीचा माल लपवतोय असं तिला वाटलं, आणि त्याचा फार राग आला. राग नवऱ्याचाच आला. वीस वर्षांत हा माणूस खोटं बोलला नव्हता असं नाही, बोलला होता, पण तेव्हा तो आधी हसायचा. हल्ली तो हसत नव्हता. मेदम महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, ताप येऊन गेला, तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. ते तिला आता एकेक आठवायला लागलं.

*

संध्याकाळ व्हायच्या आत बांधावर माणसं जमली. खाजणाच्या मंडळाचा प्रमुख तंकप्पन मध्ये उभा, कमरेचं मुंडू गुडघ्यावर दुमडलेलं, हातात मल्लिकाच्या शेतातली लाल पडलेली मूठभर रोपं.

"पुष्पन, हे काय आहे?"

"रोपं."

"ती आम्हालाही दिसतायत. कशानं जळाली?"

"पाऊस नाही. मुळाशी जुनं मीठ असेल."

"जुनं मीठ चार पावसांत धुऊन गेलं, मी स्वतः चाखलंय," तंकप्पन म्हणाला. "हे नवं मीठ. उघाडीतून आलेलं. पाणी कमी झालं म्हणून तू भरतीला फळ्या काढल्यास. काढ, आम्हीच सांगितलं होतं. पण चाखून काढ म्हणून सांगितलं होतं."

"चाखलं. गोडं होतं."

"आणि औसेप तिथं काय करत होता? साखर घालत होता?" मल्लिका मागून बोलली. माणसं हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

औसेपही आला होता, होडी खुंटाला बांधून जरा लांब उभा. त्यानं छातीवर हात ठेवला. "मी वाटेनं जाणारा माणूस. दोन शब्द बोलतो, विडी देतो. माझं नाव कशाला घेता बाबांनो?"

तेवढ्यात कुरुंबा काठी टेकत गर्दीत घुसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझ्या नवऱ्याची जीभ आहे ती!" ती ओरडली. "त्यानं याच बांधावर बसवून पोराला पाणी चाखायला शिकवलं. चिमूटभर मीठ घागरीत टाकलं तरी ओळखायचं पोर! घ्या की परीक्षा. तीन करवंट्या भरा आणि द्या त्याच्यापुढं. चुकला तर माझ्या तोंडावर थुंका!"

"अम्मा, गप बस," पुष्पन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. विलासिनीला तो आवाज विचित्र वाटला. आईनं आपली बाजू घेतली म्हणून असा आवाज कुणाचा होत नाही.

तंकप्पननं दाढी खाजवली. "घेऊ परीक्षा. उद्या सकाळी, ओहोटीला. करवंट्या मल्लिका भरेल. पण म्हातारे, एक नीट समजून घे. तुझ्या पोरानं तिन्ही बरोबर ओळखली, तर त्याची जीभ शाबूत आहे. मग शाबूत जिभेच्या माणसानं खारं पाणी आत घेतलं कसं, ते त्याला सांगावं लागेल. चुकून घेतलं असं मग म्हणता यायचं नाही."

कुरुंबाला त्यातलं काही कळलं नाही. ती विजयानं सगळ्यांकडं बघत राहिली. विलासिनीला मात्र सगळं कळलं.

*

जेवायला काहीतरी हवंच होतं, म्हणून तिनं शेवटी ते करिमीन काढले. मन ठिकाणावर नव्हतं. एकाच्या पोटातली पित्ताची पिशवी कोयत्यानं फुटली, हिरवं पाणी सगळ्या मांसावर पसरलं. तिनं धुतलं, पण घाईत. मिरची, चिंच घालून शिजवलं आणि उकडलेल्या कंदाबरोबर तिघांच्या पानांत वाढलं. बाहेर अजून उजेड होता.

कुरुंबानं पहिला घास तोंडात घातला आणि दाराबाहेर जाऊन थुंकली.

"अगं, कडू विष! पित्त फोडलंस तू! कारल्याचा काढा बरा याच्यापेक्षा!"

विलासिनीनं बोट लावून चाटलं. जीभ आखडली. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. पुष्पनचा अर्धा मासा संपला होता. तो काटे काढत, मान खाली घालून, शांतपणे खात होता.

आईच्या ओरडण्यानं त्यानं मान वर केली आणि बायकोचा चेहरा बघितला. हातातला घास पानात ठेवला.

"कडू आहे," तो म्हणाला.

"आता म्हणताय."

कुरुंबा तोंड धुवायला मागच्या अंगणात गेली होती. विलासिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "कधीपासनं?"

त्यानं पानातला एक काटा बाजूला सारला.

"तापापासनं?"

पुष्पननं मान हलवली. "ताप उतरला, वाटलं येईल हळूहळू. मीठ, मिरची, चिंच, सगळं सारखंच. पेज खाल्ली काय नि माती खाल्ली काय."

"आणि उघाडी? उघाडीवर काय करत होतात?"

"पहिल्या पावसात काय, सगळंच गोडं. तेव्हा चाखायची गरजच नव्हती. मग पाऊस थांबला." त्यानं भिंतीकडं बघितलं. "औसेप भरतीला जातो तिकडून. त्याला म्हटलं, तोंड आलंय, जरा बघ. तो बघायचा. गोडं आहे म्हणायचा."

"औसेपला! ज्याला आपलं भात मेलेलं हवंय त्याला!"

"गावात कुणाला विचारलं असतं तर तासाभरात बेटभर झालं असतं. तो बाहेरचा."

"मी होते ना घरात!" तिचा आवाज फुटला. "मी काय बेटभर सांगत सुटले असते? मला का नाही विचारलंत?"

त्यानं तिच्याकडं असं बघितलं, की तिला ते आयुष्यभर पुरलं असतं. "तुला सांगायचं म्हणजे रोज जेवताना तुझ्या डोळ्यांत ते बघायचं," तो म्हणाला.

तिनं त्याच्यापुढचं पान उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "उद्या सांगून टाका. सगळ्यांसमोर. जीभ गेली, चूक झाली, औसेपवर विश्वास टाकला. माणसं शिव्या देतील, पण चोर म्हणणार नाहीत."

"म्हणू देत चोर!" तो एकदम उसळला. "चोराला लोक निदान भितात. परत उघाडी देताना दहादा विचार करतात, पण देतात. जीभ मेलेल्या राखणदाराला कोण विचारतं गं? बापानं दिलेली एकच गोष्ट होती माझ्याकडं. ती गेली म्हणून बांधावर उभं राहून ओरडू?" मग त्याचा आवाज खाली आला, ऐकवेना इतका. "तू खूण कर. मल्लिका करवंट्या भरेल, माझी पाठ असेल. तुम्हा बायकांना दिसेल कुठली कशाची ते. खारं असलं तर टॉवेल डोक्यावर घे. गोडं असलं तर नुसती उभी राहा. एवढं कर. तीन वेळा. मग मी म्हणेन फळीखालून झिरपलं. फळ्या जुन्या आहेतच."

"आणि कुणी ऐकलं नाही म्हणजे?"

"ऐकतील. माझी जीभ शाबूत असेल तर ऐकतील."

ऐकणार नाहीत हे तिला दिसत होतं. तंकप्पननं ते सरळ सांगून टाकलं होतं. चव ओळखली, तर चोर ठरेल, झोपडीही जाईल, आणि त्याचं ऐकून उघाडी त्याच्याकडंच ठेवली, तरी मेल्या जिभेमुळं खारं पाणी येतच राहील आणि उरलंसुरलं भातही मरेल. नाही ओळखली, तर नवरा निकामी, पण स्वच्छ. मध्ये तिसरी वाटच नव्हती. आणि वाट तिला निवडायची होती, त्याला नाही, कारण टॉवेल तिच्या खांद्यावर होता.

"करशील ना?" त्यानं विचारलं.

"करीन," ती म्हणाली.

*

सकाळी ओहोटी लागली तेव्हा बारीक भुरभुर सुरू झाली होती, अंग भिजेल न भिजेल इतकी. अख्खं बेट बांधावर. पुष्पन उघाडीकडं पाठ करून उभा, तोंड बायकांच्या बाजूला. आंघोळ करून, भस्म लावून आला होता. कुरुंबा पुढं बसलेली, काठी मांडीवर.

मल्लिकानं तीन करवंट्या भरल्या. पहिली बांधामागच्या विहिरीतून. दुसरी उघाडीबाहेरच्या पाण्यातून, पालथं पडून, हात कोपराच्याही वर बुडवून, तळाजवळचं. तिसरी परत विहिरीची. दुसरी भरताना तिनं जिभेला लावून बघितली आणि तोंड वाकडं केलं. बायकांना सगळं दिसत होतं. पुष्पनला काहीच नाही.

तंकप्पननं पहिली करवंटी त्याच्या हातात दिली. पुष्पननं पाणी तोंडात घेतलं. बापासारखंच या गालातून त्या गालात घोळवलं, थुंकलं, आणि डोळे उचलून बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. पाऊस तर पडतच होता. विलासिनीचा हात खांद्याकडं गेला. क्षणभर तिथंच थांबला. मग तिनं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

"खारं," पुष्पन म्हणाला, ठणठणीत आवाजात.

कुणी हसलं नाही. कुरुंबाच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"काय म्हणालास?" तंकप्पननं विचारलं.

"खारं."

तंकप्पननं दुसरी करवंटी दिली. लोकांचे चेहरे बघून पुष्पनला काहीतरी उमगलं असावं. पण पाणी त्यानं घेतलं. तोंडात घोळवलं. गिळलं सुद्धा, थुंकायचं विसरून गेला. डोळे वर केले. विलासिनीनं टॉवेल डोक्यावरून काढला आणि दोन्ही हात खाली सोडून नुसती उभी राहिली. पाऊस तिच्या केसांवर पडत होता.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिनं नजर काढली नाही. काढली असती तर सोपं झालं असतं, पण तेवढं तिनं केलं नाही.

"गोडं," तो म्हणाला. हळू.

तिसरी करवंटी त्यानं तोंडाला लावलीच नाही. ती त्याच्या हातातून बांधावर पडली आणि घरंगळत नदीत गेली.

"जीभ गेलीय याची," मल्लिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "आई गं, यानं समुद्र गिळला आणि गोडं म्हणाला."

कुरुंबा रडायला लागली. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नाही, नुसते खांदे हलतात. तंकप्पननं पुष्पनच्या खांद्यावर हात ठेवला. आदल्या दिवशी हाच हात त्यानं त्याच्या गळ्यावर ठेवला असता.

"मग इतके दिवस चाखत कोण होतं?"

विलासिनी पुढं झाली.

"औसेप," ती म्हणाली. "तोंड आलंय म्हणून यांनी त्याला विचारलं. रोज गोडं म्हणून सांगितलं त्यानं. मल्लिकानं बघितलंय दोघांना."

"बघितलंय," मल्लिका म्हणाली. "ओंजळीनं पीत होता तो. मला वाटलं तहान लागली असेल."

माणसं औसेपकडं वळली. तो होडीचा दोर सोडत होता. "वरचं पाणी गोडंच होतं!" तो ओरडला. "गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली बसतं, हे तुम्हाला माहीत. मी काय बुडी मारून चाखायचं होतं? त्यानं मला कोपराचं काही सांगितलं नाही!"

"समुद्रावरचा माणूस तू," तंकप्पन म्हणाला, "खारं खाली असतं हे तुला कुणी सांगायला हवं?"

"आणि जाळी? ती विणायला का टाकलीस एवढ्या आधी?" मल्लिकाचा दीर धावून गेला. पण होडी तोवर हाताबाहेर गेली होती. औसेप खरं बोलत होता की खोटं, हे त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही. विलासिनीनं स्वतः खाजणातलं वरचं पाणी ओंजळीनं चाखलं होतं, आणि तिलाही ते गोडंच लागलं होतं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

*

त्याच ओहोटीला तळापर्यंतच्या फळ्या काढून खालचं जड पाणी बाहेर सोडलं. बाहेरच्या पाण्यापेक्षा ते अजून खारं निघालं. मग पाऊस परत आला, नदी भरली, समुद्र मागं सरला. खोलगट भाग मात्र मेला तो मेलाच. मल्लिकानं तिथं पुन्हा रोपं लावली नाहीत, वेळ निघून गेली होती. यंदा औसेपला खाजण द्यायचं नाही असं मंडळात ठरलं, पण ठरलेलं किती टिकतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

उघाडीचंही ठरलं. फळ्या पुष्पननंच उचलायच्या, त्या जड, दुसऱ्याला जमायच्या नाहीत. चाखायचं विलासिनीनं. झोपडी त्यांच्याकडंच. तंकप्पननं हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं आपण मोठा उपकार करतोय, आणि तसा तो होताही. कुणीतरी तिच्यासमोर पानाचा डबा धरला. तिनं पान घेतलं. पण तोंडात गेल्यावर ते तिला गोड लागलं नाही.

खूण उलटी कशी झाली ते पुष्पननं कधीच विचारलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, तिनं सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो जेवायचा, झोपायचा, आईशी दोन शब्द बोलायचा. तिच्याशी कामापुरतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी आभाळ पुन्हा उघडलं आणि भरती लागली. विलासिनी उघाडीच्या तोंडाशी पालथी पडली. हात कोपरापर्यंत बुडवून पाणी घेतलं. तोंडात घोळवलं. थुंकलं.

"खारं," ती म्हणाली. "घाला फळ्या."

पुष्पन फळी दोन्ही हातांनी उभी धरून बसला होता. त्यानं ती खाचेत सोडली नाही. नदीचं पाणी आत यायला लागलं होतं, दगडाच्या कडेनं बारीक आवाज करत.

"अहो, खारं आहे म्हटलं ना. घाला लवकर."

त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. बांधावरून मल्लिका गवताचा भारा घेऊन चालली होती. त्यानं तिला हाक मारली.

"मल्लिके, जरा इकडं ये. चाखून सांग."

मल्लिकानं भारा खाली ठेवला. आधी त्याच्याकडं, मग विलासिनीकडं बघितलं. विलासिनी अजून पालथीच होती, हात पाण्यात तसाच. मल्लिका गुडघ्यांवर बसली, पाणी घेतलं, थुंकली.

"खारं," ती म्हणाली. "चेचीनं सांगितलं नाही का?"

पुष्पननं फळी खाचेत सोडली आणि वरून टाच मारून ती बसवली.